जागा ठाऊक असलेला माणूस

पूर्वी वऱ्हाडात तणमोर हा पक्षी बघायचा तर तो धरणाऱ्या माणसालाच गाठावं लागे. बाकी कुणाला त्याचा ठावठिकाणा नसायचा. कॉलेजातले प्राणिशास्त्राचे सर सलीम अलींच्या पुस्तकातलं चित्र दाखवायचे, जंगलखात्याचा गार्ड हात लांब करून "असन तिकडं कुठंतरी" म्हणायचा, शेतकरी म्हणायचा की बापाच्या काळी लय होते. नेमकी जागा सांगायचा तो फासेपारधी. मूर्तिजापूर, बार्शीटाकळी, कारंजा या पट्ट्यातली कोणती बरड, त्या बरडीचा कोणता उतार आणि पाऊस लागल्यावर कितव्या पंधरवड्यात, इतकं तो न अडखळता सांगे. त्याच्या पोटाचाच प्रश्न होता.

मी हे लिहितो आहे ते पक्षी दाखवणाऱ्या माणसाबद्दल. आजकाल त्याला बर्डिंग गाइड म्हणतात. त्याच्या गळ्यात चांगली दुर्बीण असते, खांद्यावर स्पॉटिंग स्कोप, फोनमध्ये नोंदींचं ॲप. अमरावती-अकोल्याकडे आता असे जाणकार तरुण बरेच आहेत, आणि त्यांतले कित्येक आधी पक्षी वाचवण्याच्या कामात पडले आणि मग गाइड झाले. हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो. तेव्हाचा वाटाड्या आणि आताचा गाइड यांच्यात काय बदललं, काय तसंच राहिलं, हे मनात सतत घोळत असतं.

तेव्हा मूर्तिजापूरहून शकुंतला निघायची. अरुंद रुळांवरची ती गाडी एका बाजूला अचलपूरला आणि दुसऱ्या बाजूला कारंज्यावरून यवतमाळला जायची, आणि इतकी सावकाश की खिडकीतून पक्षी ओळखता यायचे. तारेवर नीलपंख, बाभळीवर खाटीक, पऱ्हाटीच्या शेतात चंडोल. ज्वारी उभी असली की शेताशेतात मचाण असायचं आणि वर बसलेलं पोरगं गोफण फिरवत राखण करायचं. त्या पोराला कोणता पक्षी कणसावर बसतो आणि कोणता नुसता किडे वेचतो हे पक्कं ठाऊक असे. पुढं सोयाबीन आलं, ज्वारी हटत गेली, आणि पोराचं हे काम सुटलं. ते सुटलं हे बरंच झालं, पोरगं शाळेत गेलं. पण दिवसदिवस पक्ष्यांकडे बघत बसणारी माणसं गावातून गेली ती गेलीच. शकुंतलाही थांबली. अमरावती ते अकोला हा रस्ता आता एवढा रुंद झाला आहे की लोणी ते माना या टप्प्यात २०२२ च्या जूनमध्ये सलग ७५ किलोमीटर डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत करून त्याचा जागतिक विक्रम नोंदला गेला. गाडी सुसाट जाते. तारेवरचा नीलपंख त्या वेगात दिसत नाही.

पारध्याचं काम मी जवळून पाहिलं आहे. घोड्याच्या केसांचे किंवा तातीचे बारीक फासे एका दोरीला ओळीनं बांधलेले, प्रत्येक फाशाखाली काडीची खुंटी. ही सगळी ओळ गवतात अशी उभी करायची की गवताचं पातं हललं तरी फासा हलू नये. पलीकडं कापड टाकलेला पिंजरा, त्यात पाळलेला तित्तर. कापड दूर केलं की तो बोलायला लागतो, आणि रानातला तित्तर आपल्या हद्दीत हा कोण आला म्हणून तावातावानं धावत येतो. माणूस मागं पालथा पडलेला, श्वाससुद्धा मोजून. काही जण शिकवलेल्या गाईच्या आडून सरकत. एवढं पक्षीज्ञान मी नंतर कुठल्या शिबिरात पाहिलं नाही. तित्तराच्या आवाजातला राग आणि भीती यांतला फरक त्या माणसाला कळायचा.

या आठवणीत गोडवा आहे, पण ती गोडच आहे असं म्हणणं खोटं होईल. १८७१ च्या कायद्यानं इंग्रजांनी भटक्या जमातींवर गुन्हेगारीचा शिक्का मारायची सोय केली, पारधी त्यात भरडले गेले. तो कायदा स्वातंत्र्यानंतर १९५२ मध्ये गेला, शिक्का मात्र गेला नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकार बंद झाली. ती व्हायलाच हवी होती. पण ज्याच्याकडे एकच विद्या होती त्याची ती विद्याच गुन्हा ठरली, आणि दुसरं काही हातात देण्याचं कुणाच्या लक्षात आलं नाही. म्हणून तेव्हाचा तो वाटाड्या आपल्याला पक्षी दाखवायचा, पण घाबरत. पारध्यांच्या बेड्यावर, वस्तीवर, गेलं की आधी बायका पुढं येऊन विचारायच्या, "कोण पायजे? कशाले आले?" साहेब दिसला की गडी माणसं रानात. ओळख पटायला एक अख्खा पावसाळा जायचा.

तणमोराची गोष्ट अशी की तो दिसतोच मुळी पावसाळ्यात. एरवी गवतात बसला तर दहा पावलांवरूनही कळत नाही. आषाढ-श्रावणात नराला विणीचा पिसारा येतो. मान, छाती, पोट काळंभोर, पंखात पांढरं, आणि डोक्याच्या दोन्ही बाजूंनी मागं जाऊन वर वळलेली रिबनीसारखी पिसं, टोकाला चमच्यासारखी पसरट. मादी आकारानं नराहून मोठी, पण मातकट, ठिपक्यांची. नर गवतातून सरळ वर उसळतो, माणसाच्या उंचीइतका, वरच पंखांचा खडखडाट करतो आणि पाय लोंबते ठेवून खाली पडतो. थोड्या वेळानं पुन्हा. आभाळ भरलेलं असलं तर दिवसभर, शेकडो वेळा. मादीनं आपल्याला पाहावं म्हणून ही उडी, आणि याच उडीनं त्याचा घात केला. इंग्रज शिकारी त्याला 'लिख' म्हणत आणि नेमक्या विणीच्या दिवसांत, तो उडी मारायला लागला की, टिपत. एरवी सापडत नसल्यानं शिकारीचा हंगाम आणि विणीचा हंगाम एकच झाला.

१९९९ च्या पाहणीत देशभरात सुमारे ३,५३० तणमोर असावेत असा अंदाज निघाला होता. २०१८ पर्यंत तो ७०० च्याही खाली आला. २०२१ मध्ये जागतिक यादीत त्याला अतिसंकटग्रस्त ठरवलं गेलं. गुजरात, राजस्थान, मध्य प्रदेश यांच्या जोडीला अकोला-वाशीमचं माळरान हे त्याच्या विणीच्या उरल्यासुरल्या ठिकाणांपैकी एक. म्हणजे आमच्या घरामागची बरड.

इथं कारंजा लाडच्या 'संवेदना' या संस्थेनं, कौस्तुभ पांढरीपांडे यांनी, एक साधी गोष्ट केली जी आधी कुणी केली नव्हती. ज्याला जागा ठाऊक आहे त्यालाच विचारलं. तणमोर शोधायचा तर फासेपारध्यांना बरोबर घ्या, तो टिकवायचा तरी त्यांनाच बरोबर घ्या. पारध्यांनी पक्षी मोजायला सुरुवात केली, विणीच्या जागा हेरून ठेवल्या, शिकार थांबवायची हे आपसात बसून ठरवलं, आणि गवताची राखण हाती घेतली. बाहेरून आलेल्या तज्ज्ञाला जे शिकायला वर्षं लागली असती ते इथं पिढ्यांपासून तयार होतं, फक्त त्याला गुन्हा न म्हणता ज्ञान म्हणायचं होतं.

त्या समाजातल्या एका तरुणाबरोबर मी आता पावसाळ्यात जातो. त्याचं नाव लिहीत नाही, गावही नाही. त्याला ते आवडणार नाही. त्याचा आजा फासे लावायचा. हा स्कोप लावतो. गेल्या श्रावणात आम्ही बैलगाडीच्या वाटेवर उभे होतो. पावसाची झड नुकतीच थांबलेली, गवत गुडघ्याच्या जरा खाली, पवन्या आणि मारवेल, मधे मधे कुसळ. त्यानं एकदाच हात वर केला आणि आम्ही सगळे थांबलो. तो काहीतरी ऐकत होता. मला आधी बेडूक वाटला तो आवाज, मग कळलं की पंखांचा आहे. त्यानं स्कोप एका जागी धरला आणि बाजूला झाला. मी डोळा लावला तेव्हा त्या वर्तुळात नुसतं गवत होतं, ओलं, वाऱ्यानं एका अंगाला कललेलं. मग त्यातून काळं-पांढरं काहीतरी उसळलं, क्षणभर हवेत टांगलं गेलं आणि पडलं. डोक्यावरची पिसंसुद्धा दिसली. पुढच्या उडीपर्यंत मी श्वास घेतला की नाही आठवत नाही.

बरोबरच्या पाहुण्यांपैकी एक जण लांब लेन्सचा कॅमेरा घेऊन गवताकडे निघाले. गाइड आडवा झाला.

"गवतात पाय नोका टाकू भाऊ. आत मादी बसेल असन."

"चार पावलं फक्त. फोटो नीट येत नाही इथून."

"येत नसन तर नाई येत. चाला आता, झालं त्याचं-आपलं."

आणि खरोखरच तो वळून चालायला लागला. सकाळचा उत्तम उजेड, पक्षी समोर नाचतोय, आणि गाइड परत निघालाय. पाहुणे नाराज झाले. मला मात्र वाटलं की याला हजार रुपये जास्त द्यावेत. पक्षी दाखवणं हे त्याचं निम्मं काम आहे. किती दाखवायचा, कुठून दाखवायचा आणि केव्हा पाठ फिरवायची हे उरलेलं निम्मं, आणि तेच अवघड. आजा जेवढ्या धीरानं पालथा पडून राहायचा, नातू तेवढ्याच धीरानं लांब राहतो.

मेळघाटातली गोष्ट वेगळी आहे. तिथं जागा कुणालाच ठाऊक नव्हती, आणि जी ठाऊक होती ती खोटी होती.

रानपिंगळा या छोट्या घुबडाचं पहिलं वर्णन १८७३ चं, ह्यूम यांनी केलेलं. जेम्स डेव्हिडसन या सनदी अधिकाऱ्यानं खानदेशात १८८४ मध्ये त्याचा शेवटचा नमुना मिळवला. त्यानंतर पक्षी गडप. १९१४ ची एक नोंद मात्र कागदावर होती: कर्नल मेनर्ट्झहागेन यांनी गुजरातेत तापीकाठी मांडवीजवळ तो मिळवला म्हणे. लोक त्या नोंदीवर विसंबून शोधत राहिले आणि तो मिळेना. पक्षिशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांनी जुने नमुने तपासले तेव्हा उलगडा झाला की कर्नलसाहेबांनी संग्रहालयातलाच डेव्हिडसनचा नमुना उचलला होता, पुन्हा भरला होता आणि त्यावर खोटी चिठ्ठी बांधली होती. खोटी जागा बाजूला सारून त्या, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट जुन्या खऱ्या जागांकडे वळले, आणि २५ नोव्हेंबर १९९७ रोजी तेव्हाच्या धुळे जिल्ह्यातल्या शहाद्याजवळ रानपिंगळा दिवसाउजेडी फांदीवर बसलेला सापडला. एकशे तेरा वर्षांनी.

त्यानंतर फराह इश्तियाक आणि असद रहमानी यांच्या पाहणीत तो मेळघाटातही निघाला. पुढं गिरीश जठार यांनी इथंच राहून त्याचा अभ्यास केला. म्हणजे आम्ही चिखलदऱ्याला, सेमाडोहला, कोलकासला जात होतो, त्या सगळ्या वर्षांत तो सागाच्या निष्पर्ण फांदीवर बसून आमच्याकडे बघत असणार. त्या काळी दिवसा दिसलेलं ठेंगणं घुबड म्हणजे पिंगळा, एवढ्यावर सगळ्यांचं भागायचं. कोरकू वनमजूर पुढं चालायचे. त्यांना वाघाचा माग, रानगव्याची वाट, अस्वलाचं मोहाचं झाड, सगळं ठाऊक. घुबडाकडे मात्र बोट दाखवायला ते राजी नसत. ते अशुभ, त्याचं नाव कशाला घ्या.

आज शहानूरच्या किंवा सेमाडोहच्या बाजूला कोरकू पोरं गाइड आहेत आणि त्यांतलं एखादं असं निघतं की ते तुम्हाला तिन्ही घुबडं वेगळी करून सांगतं. पिंगळ्याच्या डोक्यावर ठसठशीत पांढरे ठिपके. जंगली पिंगळ्याच्या डोक्यावर दाट आडव्या रेघा. रानपिंगळ्याचा माथा जवळजवळ कोरा, पोटाचा खालचा भाग स्वच्छ पांढरा, शेपटीवर रुंद पांढरे पट्टे, पाय-चोच दणकट, आणि बसल्या जागी शेपटी डावी-उजवी झटकायची खोड. हे सगळं तो मराठीत सांगतो, मधेच कोरकूत मित्राला काही म्हणतो, आणि त्याच्या घरात आता घुबड अशुभ राहिलेलं नाही. मला जुना काळ कितीही प्रिय असला तरी या एका गोष्टीसाठी मी आजच्या बाजूनं उभा राहीन. शंभर वर्षं नाहीसा समजलेला पक्षी गावच्या पोराला नावानिशी ओळखता येतो, याहून मोठा बदल मी पाहिला नाही. जागतिक यादीतही तो २०१८ मध्ये अतिसंकटग्रस्तवरून एक पायरी सावरून संकटग्रस्त झाला. मुख्यतः शोधणारे डोळे वाढले आणि नव्या जागा सापडल्या म्हणून.

गिधाडाला मात्र तेव्हा वाटाड्या लागतच नसे. गावाबाहेर ढोर टाकलं की दुपारपर्यंत आभाळ फिरायला लागे. पोरं नाक दाबून बघायला जायची. मग गिधाडं नाहीशी झाली, आणि का ते २००४ मध्ये कळलं: जनावरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅकनं. २००६ मध्ये जनावरांसाठी त्या औषधावर बंदी आली, पण तोवर वऱ्हाडचं आभाळ रिकामं झालं होतं. २०२५ मध्ये हरियाणातल्या पिंजोरच्या प्रजनन केंद्रातून लांब चोचीची गिधाडं मेळघाटात आणली गेली. ज्या पक्ष्याकडे आम्ही कधी दुर्बीण लावली नाही, त्याच्यासाठी आता गाइड लागेल.

तळ्यांचं फार सांगत नाही. अकोल्याची कापशी, कुंभारी, अमरावतीकडचं मालखेड, केकतपूर, मोर्शीजवळचा अप्पर वर्धाचा फुगवटा. हिवाळ्यात चक्रवाक, तलवार बदक, थापट्या, नशीब असलं तर पट्टकादंब. पूर्वी रविवारी सायकलीवर दोन-तीन जण जायचे, आता शाळांची सहल जाते. राज्य सरकारनं २०२० पासून ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह केला, मारुती चितमपल्लींच्या जन्मदिवसापासून सलीम अलींच्या जन्मदिवसापर्यंत. चितमपल्ली मेळघाटातच वनाधिकारी होते. २०२५ च्या जूनमध्ये सोलापुरात ते गेले तेव्हा इथल्या कितीतरी घरांत, आपलंच कुणी गेल्यासारखं, त्यांचा पक्षिकोश काढून बसलेले लोक मी पाहिले.

फोन आल्यानं जागेची गोष्ट उलटीपालटी झाली. तेव्हा एका माणसाला जागा ठाऊक असे आणि ती त्याच्याबरोबर मरून जायचा धोका होता. आता एकानं घरटं पाहिलं की संध्याकाळी पन्नास जणांना त्याचा नकाशावरचा ठिपका मिळतो, आणि दुसऱ्या दिवशी झाडाखाली गाड्या लागतात. फोनवर पक्ष्याचा आवाज वाजवून नराला खोटा प्रतिस्पर्धी दाखवायचा, तो चिडून समोर आला की फोटो काढायचा. पिंजऱ्यातला तित्तर बोलवायचा तोच हा डाव, फक्त फासा नाही. पण विणीच्या दिवसांत असा वीस वेळा धावत आलेला नर अंड्यांवरच्या मादीला आणि पिलांना वेळ कुठून देणार? ईबर्डसारख्या नोंदवहीतही काही नाजूक जातींच्या नेमक्या जागा मुद्दाम झाकून ठेवतात. म्हणूनच आताचा चांगला गाइड मी त्याच्या यादीच्या लांबीवरून ओळखत नाही. तो आवाज वाजवायला नाही म्हणतो का आणि समोरचा पैसे देणारा असतानाही म्हणतो का, एवढं पाहतो. ज्यानं घरटी राखण्यात पावसाळे घालवले आहेत त्याला हा नकार जड जात नाही.

माझ्या त्या तरुण गाइडची खरी लढाई मात्र रानात नाही, ग्रामसभेत आहे. तणमोराचं गवत बहुतेक ई-क्लास जमिनीवर, गायरानात. सरकारी कागदावर ही जमीन पडीक. त्यामुळं कधी तिथं झाडं लावायचं ठरतं, कधी सौर प्रकल्पासाठी जागा मागितली जाते, कधी शेजारचा शेतकरी धुरा सरकवत आत येतो. झाडं लावणं वाईट असं गावात कोण कसं म्हणेल? सौर वीजही शेतकऱ्यालाच हवी आहे. हा उठतो आणि सांगतो की हे गवत आहे, पडीक नाही. दिवाळीनंतर कापून गावची जनावरं यावरच जगतात. आणि यात पावसाळ्यात इतके नर दिसले, अमुक तारखांना. वहीत लिहिलेलं वाचून दाखवतो. मागच्या खेपेला कुणीतरी मागून ओरडलं, "अबे, तुमचेच बाप मारत होते न हे पाखरू?" त्यानं मान वर करून सांगितलं, "होय. म्हणून आमाले ठाऊक हाय किती होते." आणि पुढची ओळ वाचायला लागला.

ठराव त्या दिवशी झाला नाही, पुढच्या सभेवर गेला. या पावसाळ्याच्या मोजणीला तो तीन नवी पोरं घेणार आहे. त्यांच्यासाठी दुर्बिणी हव्या आहेत. जुन्या चालतील म्हणाला.